इंजिन खोलायचं का?

पोट बिघडलं तर माणूस डॉक्टरला विचारतो, स्लॅब गळायला लागला तर गवंड्याला विचारतो. गाडीचं इंजिन बसलं, की मात्र तो सगळ्यांना विचारतो. आणि ज्यांना विचारत नाही तेही सांगून जातात. शेजारचे निवृत्त तलाठी सांगतात, बायकोचा मामेभाऊ सांगतो, इस्त्रीवाला कपडे मोजता मोजता सांगतो. बॉनेट उघडायची खिट्टी कुठे असते हे ज्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही, ते जरा जास्तच ठामपणे सांगतात. एवढ्या सल्ल्यांचा अर्क काढला तर हाती दोनच मतं राहतात. एक म्हणजे "बदलून टाका" आणि दुसरं म्हणजे "करून घ्या". या दोहोंपैकी काहीच सुचत नसलेला माणूस "विकून टाका" म्हणतो आणि चहा घेऊन जातो.

आमची गाडी म्हणजे १९९८ सालची पांढरी झेन. हे मॉडेल बाजारात आलं १९९३ साली आणि २००६ पर्यंत बनत राहिलं. ९९३ सीसीचं, चार सिलिंडरचं, ॲल्युमिनियमचं इंजिन. वजनाला हलकं, आवाजाला गोड, आणि पाण्याच्या बाबतीत अजिबात तडजोड न करणारं. रत्नागिरीहून येताना साखरपा मागे टाकून आंबा घाट चढायला लागलो आणि रेडिएटरचा होज फुटला. रबरच ते, त्याचंही वय झालेलं. पुढे आंधळं वळण, मागे एसटी. गाडी कडेला घेण्याइतकी जागा मिळेपर्यंत आत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

टेम्पोत घालून गाडी कोल्हापूरला आणली आणि दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला यायला लागली. चपला दाराशी काढून, आवाज खाली आणून बसायची.

"कशानं झालं हो?"

"पाणी संपलं."

"आधी काही त्रास होता?"

"तसा काही नाही. थंडीत सकाळी जरा खोकायची."

"वय काय म्हणायचं?"

"सत्तावीस."

"मग सोनंच झालं की!"

एवढं झाल्यावर पाहुणा खिशातून मोबाइल काढून आपल्या नव्या गाडीचे फोटो दाखवायचा.

आत नेमकं झालं काय, ते समजल्याशिवाय कुणाचंच ऐकायचं नाही असं मी ठरवलं. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा आतल्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जातं, आणि ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना. म्हणजे इंजिन न वितळता चालतं हेच नवल, आणि ते नवल घडवतं आतून फिरणारं पाणी. पेट्रोलच्या रुपयातले तीसेक पैसे नुसते हे पाणी तापवण्यात जातात, तेवढेच किंवा थोडे अधिक सायलेन्सरवाटे धुरात जातात, आणि उरलेल्यात आपण, आपलं सामान आणि सासुरवाडीहून दिलेली आंब्याची पेटी. पाणी गेलं की हेड तापून वाकतं. हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट जळतं, आणि ज्यांनी जन्मात एकमेकांचं तोंड पाहू नये ते ऑइल आणि पाणी एकत्र नांदायला लागतात. त्यात ॲल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर फुगतो तो बिडाच्या स्लीव्हच्या साधारण दुप्पट. दोघांमधला ऑइलचा पापुद्रा फाटतो, आणि मिनिटाला दोन-अडीच हजार वेळा खाली-वर करणारा पिस्टन सिलिंडरची भिंत खरवडत जातो. हे सगळं व्हायला काही मिनिटं पुरतात. त्यावर निर्णय घ्यायला महिना लागतो.

कोल्हापूरच्या माणसाला इंजिनाच्या बाबतीत एक सोय आहे आणि एक अडचण. दोन्हींचं नाव शिवाजी उद्यमनगर. फाउंड्री, लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, पिस्टन-रिंगांची दुकानं, सगळं हाकेच्या अंतरावर. ज्या गावात म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या कारागिराचं नाव आजही आदराने घेतात, तिथे "होत नाही" असं कुणी सहसा म्हणत नाही. फार तर "बघू की" म्हणतात. त्यामुळे इथे इंजिन बदलायचं म्हटलं तर आपण गावाच्या अब्रूला हात घालतोय असं वाटायला लागतं. सोय ती ही, आणि अडचणही तीच.

उद्यमनगरात जाण्याआधी मी रीतसर एका सर्व्हिस सेंटरला फोन केला होता. तिथल्या मुलाने फार अदबीने सांगितलं, "सर, आम्ही आता इंजिन खोलत नाही. पूर्ण असेंब्ली बदलतो. पण या मॉडेलची असेंब्ली येत नाही." म्हणजे जे आहे ते खोलत नाहीत, आणि जे बदलतात ते मिळत नाही. त्याचं खोटं नव्हतं. तिथे लॅपटॉप आहे, लिफ्ट आहे, ग्राहकासाठी कॉफीचं मशीन आहे. फक्त लेथ नाही.

मग उद्यमनगरातले आमचे मेस्त्री गाठले. त्यांनी आधी डिपस्टिक काढली, दोन बोटांत ऑइल चोळलं आणि म्हणाले, "च्या झालाय सर." मग क्रँक पुलीच्या बोल्टाला पाना लावून जोर दिला. इंजिन अर्धवट फिरलं आणि कण्हल्यासारखं करून थांबलं. हेड उतरवलं. त्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून फिलर गेजची पानं सरकवली. पाच शतांश मिलिमीटरपर्यंतचा बाक चालतो म्हणे. आमच्या हेडखालून त्याच्या तिप्पट जाडीचं पान इकडून तिकडे सुखाने गेलं. मेस्त्री काही बोलले नाहीत. पान पुसून परत घडीत घातलं.

मग त्यांनी माझं बोट धरलं आणि सिलिंडरच्या आत नेलं. "नख टेकवा. वर न्या आता सावकाश. हां. अडकलं?"

अडकलं. अगदी वरच्या काठाशी एक बारीक कड लागली, डोळ्यांना दिसतही नव्हती अशी. पिस्टनची वरची रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत भिंत झिजलेली, आणि जिथे ती कधीच पोचली नाही तो घेर मूळचा. कारखान्यातून निघाली तेव्हाची माझी गाडी त्या कडेवर जशीच्या तशी होती. खालच्या अंगाला, बॅटरीच्या उजेडात, तिरक्या रेघांची जाळी दिसत होती. होनिंग करताना या रेघा मुद्दाम पाडतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत केली तर तिच्यावर ऑइल टिकत नाही, या रेघांत ते धरून राहतं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये जाळी शाबूत होती. तिसऱ्यात मात्र उभे ओरखडे. तिथे नख लावायची गरजच नव्हती.

"बोला," मेस्त्री म्हणाले. "हाफ इंजिन करायचं, फुल करायचं, का कुर्ल्यास्नं दुसरं आणायचं?"

"तुम्ही काय केलं असतं?"

"माझी आसती तर मी केलं आसतं. पण मला मजुरी पडत न्हाई."

इतका प्रामाणिक सल्ला मला त्या महिन्यात दुसऱ्या कुणी दिला नाही.

हाफ इंजिन म्हणजे हेड फेसिंग करून घ्यायचं, व्हॉल्व्ह बसवायचे, रिंगा आणि गॅस्केट नवे टाकायचे आणि क्रँकला हात न लावता देवाचं नाव घ्यायचं. फुल म्हणजे सगळंच बाहेर: ब्लॉक बोअरिंगला, क्रँक ग्राइंडिंगला, पिस्टन पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठ्या मापाचे. बोअर वाढवायलाही मर्यादा असते. बोअर एकदा वाढवला की तो पुन्हा लहान होत नाही. स्लीव्हची भिंत संपत आली की मेस्त्रीही हात जोडतात. आमच्या इंजिनाला अजून कधीच बोअर मारलेला नव्हता. "कोरं हाय," मेस्त्री म्हणाले, आणि मला उगाचच घराण्याचं कौतुक झाल्यासारखं वाटलं.

खर्चाचा आकडा त्यांनी रिंगांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहून दिला. तो आकडा चाळीस हजारांना टेकलेला होता. चालू स्थितीतल्या झेनला बाजारात जेमतेम पन्नास येतात. बंद पडलेलीला भंगारवाला वजनावर भाव देतो, आणि वजन साडेसातशे किलोच्या आसपास. पुण्याला असलेल्या आमच्या मुलाने हे सगळं एक्सेलमध्ये घातलं, त्याला रंग दिले आणि रात्री फोन केला.

"बाबा, दुरुस्तीचा खर्च किमतीच्या निम्म्यावर गेला, की गाडी सोडायची असते. असा नियम आहे."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा."

सगळ्यांत विमा कंपन्या येतात, म्हणून मी पॉलिसी काढून वाचली. तिथे नियम जरा उदार आहे: दुरुस्ती घोषित मूल्याच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेली, तर गाडी संपली असं धरतात. पण ते अपघाताबाबत. पॉलिसीत आग आहे, वीज पडणं आहे, भूकंप आहे, पूर आहे, दरड आहे, दंगल आहे, संप आहे, चोरी आहे. आंबा घाटात दरड माझ्या बॉनेटवर पडली असती तर पैसे मिळाले असते. यांत्रिक बिघाड आणि झीज मात्र त्यात बसत नाही. म्हणजे गाडीचा घातपात झाला तर कंपनी हळहळते. गाडी म्हातारपणाने गेली तर ती तुमची घरगुती बाब. पुराचंही सरळ नसतं. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाण्यात उभ्या गाड्यांना ज्यांनी चाव्या मारल्या त्यांच्या इंजिनांत पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकले. पाणी पुराचं, पण चावी तुमची, असा वाद अशा दाव्यांत पुढेही होत राहिला. इंजिनासाठी वेगळा जादा हप्ता भरून घ्यायचं संरक्षण हल्ली मिळतं. सत्तावीस वर्षांच्या गाडीला ते कोण देणार!

मामेभावाचं मत होतं कुर्ल्याच्या भंगार बाजारातलं जुनं इंजिन. मुंबईला त्याचा एक माणूस आहे. (प्रत्येक मामेभावाचा मुंबईला एक माणूस असतो.) त्या माणसाने व्हिडिओ पाठवला. लोखंडी घोडीवर ठेवलेलं इंजिन, बाजूला बॅटरी, टांगलेल्या डब्यातून पेट्रोलची नळी, तार टेकवली की ते धडधडून सुरू होतं आणि मागून आवाज येतो, "शेठ, बघा, सुईसारखं आहे. डॉक्टरांच्या गाडीचं होतं. फक्त दवाखान्यात जायचे." जुनी गाडी आणि जुनं इंजिन विकणाऱ्यांच्या जगात वकील, शिक्षक, कंत्राटदार गाडी चालवतच नाहीत, चालवतात ते फक्त डॉक्टर, आणि तेही घर ते दवाखाना. मी विचारलं, "उघडून बघता येईल का?" तो म्हणाला, "उघडल्यावर घ्यावं लागतं." त्या एका वाक्यात त्या धंद्याचं सगळं शास्त्र आहे. सुरू होणं दिसतं. नख अडकतं का, ते दिसत नाही.

शिवाय कागद. आपल्या नोंदणी पुस्तकात चेसिसचा नंबर असतो तसा इंजिनाचाही असतो. दुसरं इंजिन बसवायचं तर त्याचं बिल हवं, ते चोरीच्या गाडीचं नाही याची खात्री हवी, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओकडे नोंद हवी, विमा कंपनीला कळवायला हवं. आत्मा तोच राहतो, शरीरं बदलत जातात, असं गीता सांगते. आरटीओचा गीतेशी संबंध नाही. तिथे शरीर तेच ठेवून आत्मा बदलायचा तर अर्ज, फी आणि तपासणी.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीवाल्यांना हा प्रश्न फार छळला नसावा. पद्मिनी बनवणारा प्रीमियरचा कारखाना कुर्ल्याचाच होता. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी नोंदवली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी, आणि वीस वर्षांची मुदत भरली म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. या टॅक्सींत पेट्रोल जाऊन सीएनजी आला, फरशी गंजली तिथे पत्रा मारला, टपाच्या आत फुलाफुलांचं रेक्झिन आलं, इंजिनं किती वेळा उघडली गेली त्याचा हिशोब नाही. तिला शेवटी इंजिनाने नाही घालवलं, कॅलेंडरने घालवलं. हे मला फार लक्षात घेण्यासारखं वाटतं. आमच्या झेनचं कॅलेंडर मात्र शाबूत होतं. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीला त्याची फी पाच हजार झाली होती. तेवढे पैसे आणि वर पर्यावरण कर भरून मी २०२८ पर्यंतची परवानगी आणलेली. सरकारी नियमाची ती नवी हायसिक्युरिटी नंबर प्लेटही नुकतीच बसवलेली. गाडीत सगळ्यांत नवीन वस्तू म्हणजे ती पाटी, एमएच ०९, चकचकीत, आणि मागे बसलेलं इंजिन.

माझ्या लहानपणी आमच्या मळ्यात पाण्याला डिझेल इंजिन होतं, किर्लोस्करांचं, खडकीच्या कारखान्यातलं. तिन्हीसांजेला त्याचा ठोका शिवारभर ऐकू यायचा, आणि ठोका चुकला की चुलते जेवणावरून उठायचे. त्याच्या रिंगा बदलल्या, नोझल बदललं, लायनर बदलला. पण ते बदलायचं का, हा प्रश्न घरात कधी निघाल्याचं मला आठवत नाही. आमची माणसं फार भावुक होती असं नव्हे. बैल विकताना ती डोळ्यांत पाणी आणायची आणि भावही सोडायची नाहीत. ते इंजिन बनवणाऱ्याने ते उघडलं जाणार हे धरूनच बनवलं होतं, एवढंच. लायनर ठोकून काढायचा, दुसरा बसवायचा, की सिलिंडर पुन्हा कोरा. हल्ली उघडायची सोय ठेवण्यापेक्षा उघडावं लागणार नाही अशी हमी देतात, आणि हमी संपली की असेंब्ली. यात कुणाचं चुकतं असं मी म्हणत नाही. नव्या गाडीचं इंजिन खरंच जास्त टिकतं आणि कमी धूर सोडतं. पण ज्या दिवशी ते बसेल त्या दिवशी मेस्त्रींच्या हाती पाना न राहता नुसता फोन नंबर राहील, हे मात्र खरं.

इतकं सगळं होऊनही माझा निर्णय होत नव्हता. सकाळी मी दुरुस्तीच्या बाजूचा असायचो, संध्याकाळी मुलाचा फोन आला की बदलायच्या. शेवटी प्रश्न सोडवला सौभाग्यवतींनी, आणि तोही इंजिनाला हात न लावता. मुलगा नव्या गाडीची लिंक पाठवून तिची वैशिष्ट्यं वाचून दाखवत होता. सहा एअरबॅग, मागे कॅमेरा, मोठा स्क्रीन. ती म्हणाली, "रुंदी किती?"

कोणी विचारलंच नव्हतं. झेनची रुंदी १४९५ मिलिमीटर. हल्लीच्या बऱ्याच हॅचबॅक पावणेदोन मीटरच्या घरात जातात, आरसे वेगळेच. आमचं गेट वडिलांनी बांधलं तेव्हा घरात स्कूटर होती आणि मोटार येईल असं स्वप्नही लहानच होतं. झेन त्यातून आरसे मिटून, दोन्हीकडे जेमतेम चार बोटं जागा ठेवून आत येते. नवी गाडी यायची तर गेटचा खांब पाडायला हवा. खांबाला लागून पाण्याचा मीटर, मीटरला लागून कढीपत्त्याचं झाड, आणि खांबावर वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी. "अहो, गाडी बदलायची तर बदला," ती म्हणाली, "पण मग रस्त्यावर लावा. त्या खांबाला मी हात लावू देणार नाही." मुलाच्या एक्सेलमध्ये गेटची ओळच नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात गेलो आणि म्हटलं, "मेस्त्री, फुल करा."

काम सांगितल्यापेक्षा लांबलं. मध्ये गणपती आले, मग बोअरिंगवाल्याच्या घरचं लग्न आलं. पण मला प्रत्येक गोष्ट हातात देऊन दाखवली गेली: जुने पिस्टन, त्यांतल्या तिसऱ्याच्या अंगावरचे चट्टे, ग्राइंडिंग होऊन आलेला क्रँक, बोअर मारून, होनिंग करून आलेला ब्लॉक, त्याच्या चारही सिलिंडरांत नव्या तिरक्या रेघा. नख काठापर्यंत नेलं. कुठेही अडकलं नाही. कुर्ल्याच्या इंजिनाला हे सुख नव्हतं. ते थोडं स्वस्त पडलं असतं, आठ दिवसांत बसलंही असतं, पण त्याच्या पोटात काय आहे ते मला, मेस्त्रींना आणि त्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. पत्रा धड असेल, नोंदणीला मुदत असेल आणि मेस्त्री ओळखीचा असेल, तर आपलंच इंजिन खोलावं, हे माझं मत आता पक्कं झालं आहे. फरशी कुजलेली असेल तर मात्र हे मत घेऊ नका. नव्या पिस्टनने पत्रा उभा राहत नाही.

नवं काम केलेल्या इंजिनाला काही दिवस जपावं लागतं. नव्या रिंगा आणि नव्या रेघा एकमेकींना घासून जुळतात, त्यातून धातूचा बारीक कीस ऑइलमध्ये उतरतो. म्हणून पहिलं ऑइल लवकर बदलायचं, एकाच वेगाने फार वेळ चालवायचं नाही, चढाला गिअर खाली घ्यायचा. पहिले हजार किलोमीटर साठच्या वर काटा न्यायचा नाही, असं मेस्त्रींनी दोनदा बजावलं आहे. पूर्वी अशा गाड्यांच्या मागच्या काचेवर तशी चिठ्ठी लावायची पद्धत होती. आता ती चिठ्ठी कुणाला कळत नाही. तेव्हा सांगली-कोल्हापूर रस्त्यावर तुमच्या पुढे एक पांढरी झेन पन्नास-पंचावन्नने चाललेली दिसली, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. उजवीकडून जागा आहे, पुढे जा.